चित्रातला स्वार आणि मातीतला मावळा

युद्ध हा मनुष्याचा जितका जुना उद्योग आहे, तितकाच युद्धाचा खेळ हाही त्याचा जुना नाद आहे. भारताने जगाला दिलेल्या चतुरंगाच्या खेळात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सेनेची चारही अंगे पटावर उतरली होती. हा खेळ इराणात गेला, अरबांकडे गेला, तेथून युरोपात पोहोचला. आणि या दीर्घ प्रवासात सोंगट्यांची रूपे झिजत झिजत केवळ खुणेपुरती उरली. मराठी घरातील बुद्धिबळाच्या पटावर कोपऱ्यातल्या मोहऱ्याला आजही हत्ती म्हणतात. पण त्याला सोंड नसते. उंटाला मान नसते, प्याद्याच्या हाती शस्त्र नसते. खेळणाऱ्याची त्याबद्दल तक्रारही नसते, कारण त्या खेळात महत्त्व चालीला आहे, रूपाला नाही.

परंतु खेळांची दुसरीही एक जात आहे. तीत रूप नाहीसे झाले की खेळच नाहीसा होतो. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने, अशी एकूण १२० पाने. चिताऱ्याने मत्स्य, कूर्म, वराह रंगवून दिल्याखेरीज त्या डावाला सुरुवातच होत नाही. तीच गोष्ट चिमुकल्या सैनिकांनी मांडलेल्या लढाईची. तेथे शिपायाला चेहरा लागतो, पोशाख लागतो, अंगात आवेश लागतो. हा चेहरा त्याला कोण देतो? हाताशी आलेला बाहुला घडवणारा कारागीर हे या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर चित्रकाराकडे जाते.

पाश्चात्त्य देशांत या खेळाचा जो इतिहास घडला, तो या दृष्टीने बोधप्रद आहे. प्रशियातील बॅरन फॉन रायस्विट्झ याने १८१२ मध्ये आपल्या राजापुढे टेबलावरील युद्धखेळ मांडला आणि त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. फासे होते, नकाशे होते, निवाडा करणारा पंच होता. पण पलटणी म्हणजे नुसते रंगीत ठोकळे. लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तेवढे पुरेसे होते, आणि चित्रकाराला तेथे काही काम नव्हते. पुढे १८९३ मध्ये इंग्लंडातील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने शिशाचे पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली. शिपाई हलका झाला, स्वस्त झाला, मध्यमवर्गाच्या घराघरांत शिरला. या पेढीच्या पेट्यांतून फेटेवाले हिंदी घोडदळही इंग्रज मुलांच्या हाती गेले. मग १९१३ मध्ये कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या नावाचे पुस्तक लिहून या शिपायांना खेळाचे नियम दिले. खऱ्या युद्धापेक्षा हे चिमुकले युद्ध किती शहाणपणाचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

हे सारे शिपाई कोणत्या तरी खऱ्या पलटणीचे प्रतिरूप होते. बटण किती, पट्टा कोणत्या रंगाचा, हे पाहून घेता येत होते. खरी क्रांती झाली ती अमेरिकेत, १९७१ मध्ये. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ या मध्ययुगीन युद्धाच्या नियमावलीला एक पुरवणी जोडली आणि तीत जादूगार, राक्षस व उडते अजगर यांना रणांगणावर प्रवेश दिला. त्यातूनच १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ जन्मास आला. आता अडचण अशी की अजगर कोणी पाहिला आहे? त्याच्या अंगरख्याची बटणे मोजावयास कोणत्या संग्रहालयात जावयाचे? गायगॅक्स यांनी प्रथम हाँगकाँगहून येणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकच्या चमत्कारिक प्राण्यांवर काम भागवले. त्या खेळण्यांना त्यांनी नावे दिली, सामर्थ्ये दिली, आणि मग चित्रकारांनी त्यांची चित्रे काढली. म्हणजे प्रारंभी खेळणे पुढे आणि चित्र मागे, असा उलटा क्रम होता.

तो क्रम लौकरच बदलला. फ्रँक फ्राझेटा या चित्रकाराने १९६६ पासून रॉबर्ट हॉवर्ड यांच्या कॉनन नामक रानटी वीराच्या कथांसाठी मुखपृष्ठे रंगवली होती. पिळदार देह, अंधारी पार्श्वभूमी, पायाखाली पडलेल्या शत्रूंची रास, ही त्याची मांडणी इतकी प्रभावी ठरली की रानटी योद्धा म्हटला की तो असाच, हे जणू ठरून गेले. इंग्लंडात १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ निघाला. त्याच्या मागे जॉन ब्लांश यांच्यासारखे चित्रकार उभे होते. गंजलेली चिलखते, फाटकी निशाणे, कवट्यांच्या माळा असे त्यांचे एक स्वतंत्र जग होते. चित्रकाराने रेखाटावे, शिल्पकाराने ते बोटभर उंचीच्या बाहुल्यात उतरवावे, त्याचा साचा करावा आणि धातू ओतून शेकडो नग काढावेत, अशी ही परंपरा स्थिरावली. जे कधी अस्तित्वातच नव्हते त्याचा गणवेश ठरवण्याचा अधिकार चित्रकाराकडे आला.

महाराष्ट्रात या विलायती खेळाचे नावही कोणास ठाऊक नव्हते, त्या काळापासून दिवाळीच्या दिवसांत अंगणात किल्ले उभे राहत आले आहेत. दगड, विटा आणि जुने गोणपाट यांचा डोंगर करावयाचा, त्यावर चिखलाचा लेप द्यावयाचा, बुरूज आणि तटबंदी काढावयाची, उतारावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवावयाची, आणि मग कुंभारवाड्यातून आणलेली चित्रे मांडावयाची. मातीच्या या बाहुल्यांना मराठी मुले ‘चित्रे’ असेच म्हणतात, आणि हा शब्द सूचक आहे. माथ्यावर सिंहासनस्थ शिवछत्रपती, दरवाजावर भालदार, बुरुजावर तोफ, वाटेवर ढाल-तलवार घेतलेले मावळे. पुण्यामुंबईपासून खेड्यापाड्यापर्यंत हा प्रघात आजही चालू आहे.

या मातीच्या मावळ्याचा चेहरा आला कोठून? महाराजांची काही समकालीन अथवा निकटकालीन चित्रे उपलब्ध आहेत. निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मीर महंमद या चित्रकाराकडून एक चित्रसंग्रह करवून घेतला. त्यात घोड्यावर बसलेले महाराज आणि त्यांच्या सभोवती चालणारे पायदळ दिसते. हा संग्रह आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. महाराजांचे म्हणून चुकीचेच एक चित्र प्रचारात होते, इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी त्याच्या जागी अस्सल समकालीन चित्र महाराष्ट्रापुढे आणले. परंतु हे सारे राजाविषयी झाले. ज्या शेतकऱ्याने नांगर ठेवून तलवार घेतली, त्या साध्या मावळ्यासमोर कुंचला घेऊन कोणी बसले नव्हते. त्याचे रूप पुढच्या पिढ्यांना कल्पनेनेच रचावे लागले.

ती रचना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला आणि रंगीत चित्र सामान्य माणसाच्या भिंतीवर गेले. देवादिकांबरोबर शिवछत्रपतींचे चित्रही या छापखान्याने घरोघर पोहोचवले. याच सुमारास, १८९५ मध्ये, लोकमान्य टिळकांनी रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी ‘केसरी’तून चळवळ उभारली आणि पुढील वर्षी रायगडावर उत्सव झाला. लोकांच्या मनात वीराची ओढ आणि हाती वीराचे चित्र, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. कोल्हापुरात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत नावारूपास आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी राज्याभिषेकाचा दरबार रंगवला. पगड्या, अंगरखे, शेले, चवऱ्या यांचे एक नेटके जग त्यांनी प्रेक्षकांपुढे ठेवले.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार. त्यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला आणि चित्रातला मावळा हलू लागला, कडा चढू लागला. पुढे १९५२ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’ या बोलपटात महाराजांची भूमिका करणारे चंद्रकांत मांढरे हेही जातिवंत चित्रकारच होते. दीनानाथ दलालांनी बाबासाहेब पुरंदरे यांच्या शिवचरित्रासाठी चित्रे काढली आणि वाचणाऱ्या मुलांच्या मनात मावळ्यांची एक फळी कायमची उभी केली. कोल्हापूरचेच जी. कांबळे हे चित्रपटांचे फलक रंगवणारे कलावंत. त्यांनी काढलेल्या महाराजांच्या चित्राला महाराष्ट्र शासनाने अधिकृत मान्यता दिली. शाळा, कचेऱ्या, दिनदर्शिका यांतून ते सर्वत्र गेले.

या परंपरेत मातीचा आणि चित्राचा संबंध सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो विनायक पांडुरंग करमरकर यांच्या आयुष्यात. अलिबागजवळील सासवणे हे त्यांचे गाव आणि गणपतीच्या मूर्ती करणे हे घरातले काम. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर अश्वारूढ शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी ते पाहिले आणि या मुलाला जे. जे. कलाशाळेत पाठवण्याची व्यवस्था केली. त्याच मुलाने घडवलेला ब्राँझचा अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये पुण्यात शिवाजी स्मारकाच्या आवारात उभा राहिला. भिंतीवरचा कोळसा, गणपतीची माती आणि ओतीव ब्राँझ, असा हा प्रवास आहे. पुतळ्यातील घोड्याचा उचललेला पाय आणि स्वाराची ताठ बैठक मग लहान मूर्तिकारांच्या साच्यांतून पुन्हा मातीत परतली.

चित्रकाराची कल्पना मुलाच्या हातात पोहोचवण्याचे अखेरचे काम ज्यांनी केले, त्या कुंभारांची आणि मूर्तिकारांची नावे मात्र कोणत्याही ग्रंथात नाहीत. दोन अर्धुकांचा प्लॅस्टरचा साचा, त्यात दाबलेली शाडूची माती, दोन्ही भाग जुळवून पाण्याच्या बोटाने पुसलेला सांधा, सावलीत वाळवण, पांढरा हात, मग रंग, आणि शेवटी बारीक कुंचल्याने डोळे व मिशा, अशी या कामाची रीत. अलीकडे मातीची जागा बरीचशी प्लॅस्टरनेच घेतली आहे. या बाहुल्याचे डोके धडाच्या मानाने मोठे असते, मिशी तर गालांवरून उतरू पाहते, आणि तलवार हाताइतकी जाड असते. यात कारागिराचे अज्ञान नाही. बारीक तलवार मातीत टिकत नाही, आणि दोन हातांवरून पाहणाऱ्या मुलाला नेमके शौर्यच दिसले पाहिजे. इंग्लंडातील ‘वॉरहॅमर’चे शिल्पकारही त्याच कारणाने आपल्या बाहुल्यांची डोकी, पंजे आणि शस्त्रे फुगवून करतात. परस्परांची गंधवार्ता नसलेल्या दोन कारागीरवर्गांना माध्यमाने एकच धडा शिकवला.

दोहोंत एक मोठा भेद मात्र आहे. विलायती खेळात सारे बाहुले एका मापाचे, कारण त्यांना पट्टीने मोजून चालावयाचे असते. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बुरुजाहून उंच असतात आणि मावळा दरवाजात मावत नाही. तेथे माप अंतराचे नसून मानाचे असते. तेथे फासे नाहीत, हारजीत नाही. बहुधा शत्रूही नाही. तो दरबार आहे, देखावा आहे. म्हणून चित्रकाराने ठरवलेले रूप तेथे प्रश्न न विचारता स्वीकारले जाते. खेळणाऱ्याला निदान दुसऱ्या बाजूने बसून पाहावे लागते. देखावा मांडणाऱ्याला दुसरी बाजूच नसते.

या भेदाचे मर्म महाराष्ट्रात सहसा ध्यानात येत नाही. ते ध्यानात यावयास भिलाईसारखे गाव लागते. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील १९५५ च्या करारातून उभे राहिलेले हे पोलादाचे नगर. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. त्यापूर्वी तीनच वर्षे, म्हणजे १९५६ पर्यंत, हा दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते व राजधानी नागपूर होती. कारखान्याच्या निमित्ताने बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, ओडिया आणि मराठी माणसे येथे छत्तीसगढी माणसाच्या शेजारी येऊन राहिली. येथे एखाद्या मराठी मुलाने घरापुढे किल्ला रचून त्यावर भालाईत स्वार ठेवला, तर तो स्वार पाहणारे डोळे एका प्रकारचे नसतात.

कारण या भूमीवरून खरा मराठी स्वार गेलेला आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४१ मध्ये येथूनच पूर्वेकडे निघाला आणि रतनपूरच्या हैहयवंशी राजाला त्याच्यापुढे मान तुकवावी लागली. रघूजींचे पुत्र बिंबाजी यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून छत्तीसगढचा कारभार पाहिला. तेथील टेकडीवरचे राममंदिर त्यांचेच. पण भास्कररामाचे घोडदळ पुढे बंगालमध्ये शिरले. अलीवर्दीखानाने १७४४ मध्ये त्याला भेटीस बोलावून ठार केले, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. अखेर १७५१ च्या तहाने ओडिशा आणि वार्षिक १२ लाख रुपयांची चौथाई भोसल्यांच्या पदरात पडली. तोवर बंगालच्या खेड्यांतील धान्याची कोठारे आणि रेशमाचा धंदा या स्वाऱ्यांनी होरपळून निघाला होता.

मराठी सैन्यात दोन तऱ्हेचे स्वार असत. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेचा घोडा मिळालेला तो बारगीर. महाराष्ट्रात बारगीर हा केवळ हुद्द्याचा शब्द आहे. बंगालमध्ये त्याचाच ‘बर्गी’ झाला आणि मुलाला निजवताना आई ज्याची भीती घालते, त्या अंगाईगीतात जाऊन बसला. पुण्याच्या अंगणात ज्याच्या मिशा मुलगा कौतुकाने पाहतो, तोच स्वार मुर्शिदाबादेकडील आईच्या गाण्यात मूल डोळे मिटावे म्हणून येतो. चित्रकारांनी जे रूप घडवले, त्यात पहिली बाजू पूर्ण आहे; दुसरी बाजू कुंचल्याच्या टोकाशी आलीच नाही.

यावरून चित्रकारांना दोष द्यावयाचा असे नव्हे. पारतंत्र्याच्या काळात एका समाजाला आपला कणा ताठ करावयाचा होता आणि त्यासाठी त्याला ताठ बैठकीचा स्वार हवा होता. परंतु राक्षस आणि अजगर रंगवणाऱ्या विलायती चित्रकाराची जबाबदारी हलकी आहे. त्याच्या अजगराने कोणाचे शेत जाळलेले नाही. इतिहासातील माणसाला रूप देणाऱ्याची कल्पना मात्र लोकांच्या मनात हळूहळू पुराव्याची जागा घेते. किल्ल्यावरचा मावळा पाहून वाढलेले मूल पुढे इतिहासाचे पुस्तक उघडते तेव्हा ते त्यात तोच मावळा शोधते, आणि न सापडला तर पुस्तकावर रुसते.

यावरचा उतारा शोधावयास दूर जावे लागत नाही. तो त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी मांडलेला असतो. वर दरबार आणि पहारे, पण खाली गाव. तेथे डोक्यावर घागर घेतलेली गवळण आहे, तागडी धरलेला वाणी आहे, बैलामागे चालणारा शेतकरी आहे. ही चित्रे कुंभाराने रविवर्म्याच्या वा धुरंधरांच्या चित्रांवरून घेतली नाहीत. ती त्याने आपल्या गल्लीत पाहिली. छत्तीसगढातही श्रावणाच्या अमावास्येला, जी तेथील पंचांगात भाद्रपदाची अमावास्या असते, पोळ्याच्या सणासाठी दुर्ग-भिलाईच्या बाजारांत मातीचे चाकांचे बैल मांडले जातात. मुलगे ते ओढीत फिरतात. मुलींसाठी मातीचे जाते आणि भांडी असतात. तिकडे दक्षिणेस बस्तरात घडवा कारागीर मेणाच्या तारा गुंडाळून, वर माती लिंपून, पितळेचे घोडे आणि स्वार ओततात. तो स्वार बहुधा देव असतो. कोणाचा शत्रू नसतो.

शिवछत्रपतींनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना धाडलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा जपून वापरा, तो आताच उधळलात तर पुढे कुणब्यांच्या घरचे धान्य आणि भाजीपाला तुम्ही ओरबाडू लागाल, आणि मग रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय आहे. वरच्या बुरुजावरील शिपायाला पायथ्याच्या शेतकऱ्याशी जोडणारा धागा या पत्रात आहे. भास्कररामाचे बारगीर बंगालमध्ये हाच धागा विसरले. दिवाळीचा किल्ला रचणाऱ्या मुलाला वरच्या मावळ्याचे नाव सांगणारे वडीलधारे पुष्कळ असतात. त्याच मुलाला पायथ्याच्या शेतकऱ्याकडे बोट दाखवून, वरचा शिपाई याच्याशी कसा वागला, हे सांगणारा एकजण भेटला, तर चित्रकारांनी अपुरे ठेवलेले चित्र त्या अंगणात पुरे होईल.